बुडबुडा कुठून आला? स्पार्कलिंग वाइनची बाटली ओळखण्याची आणि हाताळण्याची रीत

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरात आम्ही पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय करतो. मद्यविक्रीचा परवाना आमच्याकडे नाही आणि आम्ही मद्य विकतही नाही. पण वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस साजरा करायला येणारी मंडळी आपली बाटली सोबत आणतात, आणि ती थंड करण्याचे, उघडण्याचे आणि तिच्याबरोबर कोणता मासा करावा हे ठरवण्याचे काम आमच्याकडे येते. बहुतेक पाहुणे हातातल्या बाटलीला ‘शँपेन’ म्हणतात, मग ती नाशिकची असो, इटलीची असो वा स्पेनची. नावाचा हा घोळ निरुपद्रवी वाटतो, पण नाव चुकले की थंड करण्याचे प्रमाण, पेला, जोडीचा पदार्थ आणि मोजलेल्या पैशांकडून ठेवायची अपेक्षा या सर्वच गोष्टी चुकत जातात. माझ्या अनुभवात बाटली समजून घेण्याचा सर्वांत सरळ मार्ग एकच आहे: तिच्यातला बुडबुडा कुठून आला, हे आधी विचारावे.

कोकणात वाढलेल्या माणसाला यामागचे तत्त्व शिकवावे लागत नाही. माडाच्या पोयीला बांधलेले मडके सकाळी खाली उतरवले की माडीवर पांढरा फेस दाटलेला असतो, आणि कान जवळ नेला तर आत बारीक सळसळ ऐकू येते. यीस्ट रसातली साखर खाते आणि त्यातून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मडक्याचे तोंड उघडे असल्यामुळे वायू निघून जातो आणि फेस बसतो. माझ्या लहानपणी मामाने एकदा उरलेली माडी काचेच्या बाटलीत भरून, घट्ट बूच मारून माजघरातल्या फडताळात ठेवली होती. दुपारी बार उडाल्यासारखा आवाज झाला. बूच वाशाला लागले आणि भिंतीवरून आंबूस ओघळ आले. बाटली फुटली नाही, हे नशीब. मामाच्या हातून जे नकळत झाले, तेच जाड काचेत, मोजलेल्या साखरेने आणि थंड तळघरात जाणीवपूर्वक केले की स्पार्कलिंग वाइन होते. घरी मात्र हा प्रयोग कोणीही करू नये, कारण साधी बाटली तो दाब सोसण्यासाठी केलेलीच नसते.

वायू बाटलीत कोंडला असेल तर

सर्वांत कष्टाची आणि म्हणून सर्वांत महाग पद्धत ही आहे. तिला पारंपरिक पद्धत म्हणतात. द्राक्षे जरा लवकर, आंबटपणा टिकून असतानाच तोडतात आणि त्यांची साधी, कोरडी म्हणजे गोडी नसलेली, काहीशी बोचरी वाइन बनवतात. मग निरनिराळ्या मळ्यांतल्या आणि कधी निरनिराळ्या वर्षांच्या वाइन एकत्र करून हवी ती चव जुळवतात. या मिश्रणात यीस्ट आणि दर लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर घालून ते बाटल्यांत भरतात व तोंड बंद करतात. दर लिटरला सुमारे ४ ग्रॅम साखर आंबली की एक वातावरणाइतका दाब तयार होतो, म्हणजे २४ ग्रॅमला जवळपास सहा वातावरणांचा. मोटारीच्या चाकात असतो त्याच्या सुमारे तिप्पट दाब ती बाटली सोसत असते. तिची काच जाड का, तळाला खोल खळगा का आणि बुचावर तारेची जाळी का, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर या एका आकड्यात आहे.

साखर संपल्यावर यीस्ट मरते आणि तिचा बारीक गाळ बाटलीत आडवा बसतो. वाइन या गाळावर महिनोन्‌महिने पडून राहते, आणि मृत पेशी हळूहळू विरघळत जातात तशी तिला भाजलेल्या पावाची, बिस्किटाची, कधी काजूच्या गरासारखी चव येते, बुडबुडेही बारीक आणि सलग होतात. पारंपरिक पद्धतीच्या बाटलीला जे जास्त पैसे पडतात ते मुख्यतः या थांबण्याचे असतात.

पण गढूळ वाइन पेल्यात ओतता येत नाही, म्हणून गाळ काढावा लागतो आणि तोही वायू न घालवता. बाटल्या तिरक्या भोकांच्या लाकडी फळीत उलट्या खोचून रोज थोड्या थोड्या फिरवतात, म्हणजे गाळ घसरत घसरत बुचापाशी जमतो. ही युक्ती १८१६ च्या सुमारास फ्रान्समधल्या क्लिको घराण्याच्या तळघरात आकाराला आली. पतीच्या निधनानंतर वयाच्या २७ व्या वर्षी धंदा हाती घेतलेल्या बार्ब-निकोल क्लिको यांच्याकडे तिचे श्रेय जाते. हाताने फिरवायला काही आठवडे लागतात. आता बहुतेक ठिकाणी मोठे पिंजरे यंत्राने फिरवतात आणि काम आठवड्याभरात उरकते. त्यानंतर बाटलीची मान अतिथंड द्रावणात बुडवून गाळाचा बर्फ करतात, झाकण काढताच दाबाने तो खडा बाहेर फेकला जातो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत थोडी वाइन व साखरेचे मिश्रण भरून शेवटचे बूच ठोकतात. बाटली किती गोड असेल, हे या शेवटच्या साखरेवर ठरते.

या सगळ्याचा शोध दों पेरिन्यों या संन्याशाने लावला, असे सर्रास सांगितले जाते. ते १६६८ पासून १७१५ पर्यंत ओव्हिलेरच्या मठात कोठीप्रमुख होते, आणि मिश्रणाच्या कलेत त्यांचा वाटा मोठा होता. पण त्या काळी बुडबुडे हा वाइनमधला दोष मानला जाई आणि ते टाळण्याकडेच त्यांचा कल होता. वाइनमध्ये साखर घालून ती फेसाळती करण्याची रीत क्रिस्टोफर मेरेट या इंग्रज वैद्याने १६६२ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात नोंदवली होती.

टाकीत, अर्धवट आंबवून किंवा नळीने

दुसऱ्या पद्धतीत दुसरे किण्वन, म्हणजे तयार वाइनचे साखर घालून पुन्हा आंबणे, बाटलीऐवजी दाब सोसणाऱ्या मोठ्या बंद टाकीत होते. इटलीच्या फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये ती मांडली आणि फ्रान्सच्या यूजीन शार्मा यांनी १९०७ मध्ये सुधारली, म्हणून ती दोघांच्याही नावाने ओळखली जाते. वाइन गाळावर फार काळ राहत नाही. गाळून, दाब सांभाळून ती बाटल्यांत भरतात. त्यामुळे पावाची चव येत नाही, पण फळाचा आणि फुलाचा ताजा वास शाबूत राहतो. ही हलकी पद्धत आहे असे समजणे बरोबर नाही. ज्या द्राक्षाचा वास हेच त्याचे वैभव आहे, त्याला वर्षभर गाळावर ठेवणे म्हणजे मोगऱ्याचा गजरा वाळवून माळण्यासारखे आहे.

तिसरी रीत सर्वांत जुनी आणि आपल्या माडीच्या सर्वांत जवळची आहे. पहिले किण्वन पुरते संपण्याआधीच वाइन बाटलीत भरतात आणि उरलेली साखर तिथेच आंबते. पुष्कळदा गाळही काढत नाहीत. ‘पेत-नात’ म्हणून जी किंचित गढूळ वाइन अलीकडे शहरांत दिसते ती हीच. चौथ्या रीतीत तयार वाइनमध्ये सोडावॉटरप्रमाणे कार्बन डायऑक्साइड सोडतात. तिचे बुडबुडे मोठे असतात आणि लवकर मावळतात. लेबलावर कार्बन डायऑक्साइड मिसळल्याचा उल्लेख असेल तर ती या वर्गातली. फळांच्या रसात मिसळून प्यायला ती चालेल, पण तिच्यासाठी बुडबुड्यांचे दाम मोजू नयेत. मी एकदा शहरातल्या एका दुकानातून चकचकीत सोनेरी कागदाला भुलून अशीच बाटली भारी किमतीला आणली होती. पहिला पेला संपायच्या आत ती सपाट झाली.

नावे कशी वाचावीत

शँपेन हे प्रदेशाचे नाव आहे. पॅरिसच्या पूर्वेला रँस आणि एपर्ने या गावांभोवतीच्या खडूमिश्रित जमिनीत, मुख्यतः शार्दोने, पिनो न्वार आणि मूनिए या द्राक्षांपासून, बाटलीतच दुसरे किण्वन करून बनवलेल्या वाइनलाच ते लावता येते. वर्षाचा उल्लेख नसलेली शँपेन किमान १५ महिने तळघरात राहते, त्यातले १२ महिने गाळावर. लेबलावर साल असेल तर किमान तीन वर्षे. देवगडचा हापूस म्हणून दुसरीकडचा आंबा पेटीत भरला तर आपल्याला जसा राग येतो, तसाच राग तिथल्या बागायतदारांना येतो, आणि तो रास्त आहे. युरोपात इतरांना ‘शँपेनची पद्धत’ असे शब्दही १९९४ पासून लेबलावर छापता येत नाहीत. ते ‘पारंपरिक पद्धत’ असे लिहितात.

फ्रान्सच्या इतर भागांत याच पद्धतीने केलेल्या वाइनला क्रेमाँ म्हणतात आणि पुढे प्रदेशाचे नाव येते, जसे क्रेमाँ दाल्सास किंवा क्रेमाँ द लिमू. ती गाळावर किमान नऊ महिने असते. शँपेनची किंमत परवडत नसेल तर मी पाहुण्यांना आधी हीच सुचवते. स्पेनची कावा मुख्यतः माकाबेओ, शारेलो आणि पारेयादा या द्राक्षांची. तीही किमान नऊ महिन्यांची, रेसेर्वा लिहिलेली १८ महिन्यांची आणि ग्रान रेसेर्वा ३० महिन्यांची. इटलीतली फ्रान्चाकोर्ता याच कुळातली आणि शिस्तीने कडक, किमान १८ महिन्यांची. दक्षिण आफ्रिकेत या पद्धतीला ‘कॅप क्लासिक’ म्हणतात.

टाकीत तयार होणाऱ्यांत सर्वांत परिचित प्रोसेको आहे. ती ईशान्य इटलीची असून तिच्यात किमान ८५ टक्के ग्लेरा द्राक्ष असावे लागते. पूर्वी द्राक्षालाही प्रोसेको म्हणत. २००९ मध्ये ते नाव प्रदेशासाठी राखून ठेवले आणि द्राक्षासाठी ग्लेरा हे नाव घेतले. कोनेलियानो आणि वाल्दोब्बियादेने या गावांची नावे लेबलावर असतील तर ती डोंगरउतारावरची, वरच्या दर्जाची समजावी. इटालियन बाटलीवर ‘स्पुमान्ते’ म्हणजे पूर्ण दाबाची आणि ‘फ्रिझान्ते’ म्हणजे मंद बुडबुड्यांची. मोस्कातो दास्ती ही फ्रिझान्तेसारखी मंद, गोड आणि जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलची असते. जर्मनीची सेक्ट बहुतांशी टाकीतली असते. नुसते ‘सेक्ट’ लिहिले असेल तर आतली वाइन दुसऱ्या देशातून आणलेली असू शकते, ‘डॉइचर सेक्ट’ असेल तर द्राक्षे जर्मनीची.

‘ब्लाँ द ब्लाँ’ म्हणजे केवळ पांढऱ्या द्राक्षांची आणि ‘ब्लाँ द न्वार’ म्हणजे काळ्या द्राक्षांचा रस साली न भिजवता काढून केलेली पांढरी वाइन. शँपेनच्या लेबलाच्या कडेला बारीक अक्षरांत ‘एनएम’ असेल तर द्राक्षे विकत घेणारे मोठे घराणे, आणि ‘आरएम’ असेल तर स्वतःच्या मळ्याची वाइन स्वतः करणारा शेतकरी, असे समजावे.

गोडीचे शब्द

इथे सर्वांत जास्त फसगत होते, कारण शब्द दिसतात तसे नाहीत. युरोपीय नियमानुसार ‘ब्रूट नेचर’मध्ये दर लिटरला ३ ग्रॅमहून कमी साखर असते आणि गाळ काढल्यावर साखर घातलेली नसते, ‘एक्स्ट्रा ब्रूट’मध्ये ६ ग्रॅमपर्यंत, ‘ब्रूट’मध्ये १२ ग्रॅमहून कमी, ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७, ‘ड्राय’ किंवा ‘सेक’मध्ये १७ ते ३२, ‘डेमी-सेक’मध्ये ३२ ते ५०, आणि त्यापुढे ‘दू’. म्हणजे ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ब्रूटपेक्षा गोड असते, कोरडी नव्हे. जर्मन बाटलीवरचा ‘ट्रोकन’ हा शब्दही असाच. त्याचा अर्थ कोरडी, पण सेक्टमध्ये तो १७ ते ३२ ग्रॅमच्या वर्गाला लावतात. प्रमाण डोळ्यांसमोर आणायचे तर १२५ मिलिलिटरच्या पेल्यात ब्रूट असेल तर जास्तीत जास्त दीड ग्रॅम साखर असते, तर डेमी-सेकमध्ये ती सहा ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे चहाच्या चमच्याहून जास्त.

घाटावरची आपली वाइन

कोकणात वाइनची द्राक्षे होत नाहीत. तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस आणि बारमाही दमट हवा यांत वेलीला बुरशी गाठते. घाटावर मात्र नाशिक परिसरात कोरडी हवा आणि हिवाळ्यातल्या थंड रात्री मिळतात, आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. नारायणगावला १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने ‘ओमर खय्याम’ ही बाटलीत आंबवलेली वाइन तयार होऊ लागली आणि ती परदेशांतही विकली गेली. पुढे १९९९ मध्ये नाशिकला सुला ही वाइन कंपनी उभी राहिली, आणि २०१३ मध्ये चांदों या फ्रेंच मालकीच्या कंपनीने दिंडोरीच्या द्राक्षांपासून केलेली आपली वाइन बाजारात आणली. शेनिन ब्लाँ हे द्राक्ष इथे चांगले रुळले आहे, कारण उन्हातही ते आंबटपणा धरून ठेवते. नाशिकच्या बाटलीला शँपेन म्हटले की तिचा मान वाढतो, असे मला वाटत नाही. ती पारंपरिक पद्धतीची असेल तर मागच्या लेबलावर तसे लिहिलेले असते. ते वाचावे आणि नाशिकची म्हणूनच ती वाढावी.

किनाऱ्यावर बाटली सांभाळणे

आपल्याकडे वाइनचे दोन शत्रू आहेत, उष्मा आणि ऊन. मुंबईहून गाडीने येणारी बाटली डिकीत सहा-आठ तास तापलेली असते, म्हणून ती आल्याबरोबर उघडू नये. ऊब राहिलेल्या बाटलीतला दाब वाढलेला असतो. एक-दोन दिवस ठेवायची असेल तर जांभ्याच्या भिंतींच्या माजघरात, अंधारात, जमिनीलगत ठेवावी, त्याहून जास्त दिवसांसाठी फ्रिजमध्येच. पांढऱ्या पारदर्शक काचेच्या बाटलीला खिडकीतले ऊन थोड्या वेळातही बाधते आणि वाइनला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. पावसाळ्यात लेबलाला बुरशी धरते. वाइनला त्याने काही होत नाही, पण लेबल गेले की वाचायचे काय, म्हणून पावसाआधी लेबलाचा फोटो काढून ठेवावा.

थंड करण्यासाठी फ्रिजमध्ये तीन-चार तास पुरतात. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मे पाणी घालून त्यात मूठभर जाडे मीठ टाकावे आणि बाटली मानेपर्यंत बुडवावी. वीस-पंचवीस मिनिटांत ती तयार होते. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्यात आपण मीठ घालतो, त्याचे कारण हेच. नुसत्या बर्फाने काम होत नाही, कारण खड्यांमधली हवा थंडी पोहोचू देत नाही. जेट्टीवरचा माशांचा बर्फ मात्र वापरू नये, कारण त्याचा वास बाटलीला आणि तिथून हाताला लागतो. फ्रीझरमध्ये बाटली ठेवून विसरणे धोक्याचे आहे. गोठताना वाइन फुगते आणि काच फुटते. साध्या वाइन ६ ते ८ अंशांवर आणि गाळावर दीर्घकाळ राहिलेल्या ८ ते १० अंशांवर चांगल्या लागतात. त्याहून थंड केल्या तर ज्या चवीसाठी पैसे दिले ती झोपून जाते.

उघडण्याची माझी रीत अशी आहे. सोनेरी कागद काढल्यावर एका हाताचा अंगठा बुचावर ठेवायचा आणि तो शेवटपर्यंत उचलायचा नाही. तारेचा कान साधारण सहा अर्धे वेढे उलटा फिरवून जाळी सैल करायची, पण काढायची नाही. बाटलीवर कोरडा पंचा टाकायचा, कारण आपल्या हवेत थंड काचेवर लगेच पाणी सुटते आणि हात घसरतो. बाटली साधारण ४५ अंशांत तिरकी, तोंड माणसांपासून आणि दिव्यांपासून दूर धरायचे. मग बूच घट्ट धरून बाटली तळाकडून फिरवायची. बूच स्वतःच वर येऊ लागते. तेव्हा त्याला ओढायचे नाही, उलट दाबून अडवायचे. शेवटी बार उडत नाही, सुस्कारा ऐकू येतो. बार उडवण्यात फेस जमिनीवर जातो आणि कोणाच्या डोळ्याला इजाही होऊ शकते.

पेला आणि ताट

बुडबुडे पेल्यातल्या बारीक तंतूंवर आणि धुळीच्या कणांवर जन्म घेतात आणि तेलकटपणा किंवा साबणाचा अंश राहिला की मरतात. कोकणी स्वयंपाकघरात खोबरेलाचा पातळ थर कुठेही बसतो, म्हणून हे पेले वेगळ्या घासणीने, गरम पाण्यात साबण पूर्ण जाईपर्यंत धुऊन उपडे वाळवावेत. पसरट पेला दिसायला देखणा, पण त्यातून वायू लवकर उडतो. खाली रुंद आणि वर किंचित आवळलेला, कळीच्या आकाराचा पेला मला सर्वांत योग्य वाटतो.

रव्यात घोळवून तळलेले बोंबील किंवा सुरमई आणि ब्रूट यांची जोडी मला कोणत्याही शाही मेजवानीपेक्षा मोलाची वाटते. आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचे तेल धुऊन टाकतात आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. कालवांबरोबर ब्लाँ द ब्लाँ किंवा ब्रूट नेचर द्यावी. बांगड्याच्या तिखल्याबरोबर मात्र अगदी कोरडी वाइन देऊ नये, कारण तिखटाची आग बुडबुड्यांनी वाढते; तिथे ‘एक्स्ट्रा ड्राय’ प्रोसेको चांगली बसते. सोलकढी वाइनसोबत न घेता जेवणाच्या शेवटी घ्यावी, कारण कोकमाच्या आंबटापुढे वाइन पाणचट वाटते. आमरसासोबत ब्रूट आंबट आणि रुक्ष लागते. हापूसच्या दिवसांत डेमी-सेक किंवा मोस्कातो दास्तीच काढावी.

बाटली उरली तर मानेत चांदीचा चमचा खोचला की बुडबुडे टिकतात, हा समज सोडून द्यावा; त्याने काही होत नाही. दाब धरणारे चिमट्याचे झाकण मिळते. ते लावून बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवली तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत तिच्यात जीव राहतो.